खालच्या रांगेतली बाई

रिव्हर्सकाका जन्मभर जेवढे उलटे चालले, तेवढे तुम्हीआम्ही सुलटेही चालत नाही. हे नाव त्यांना फाटकाबाहेर गिऱ्हाइकाची वाट बघत बसणाऱ्या गाडीवाल्यांनी ठेवलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त गळ्यातल्या ओळखपत्रापुरतं उरलं. काम गाईडचं. देवळांचं ते जुनं शहर लोकांना फिरवून दाखवायचं, राजांचा इतिहास सांगायचा, देवांच्या कथा सांगायच्या. बाकीचे गाईड सरळ पुढे चालतात, थांबतात, वळून बोट दाखवतात आणि पुन्हा पाठ करून निघतात. काकांना हे कधी पटलंच नाही. "पाठ दाखवून काय गोष्ट सांगतात?" असं ते म्हणायचे. म्हणून ते लोकांकडे तोंड करून चालत आणि देवळांकडे पाठ करून.

त्यांच्या टाचांना सगळं शहर तोंडपाठ होतं. कुठे उंबरा आहे, कुठे फरशी उचकटली आहे, कुठे झाडाचं मूळ वर आलंय, हे डोक्याला नसेल ठाऊक, टाचांना बरोबर ठाऊक असायचं. तरुणपणी मात्र एकदा फजिती झाली होती. राणीच्या रुसव्याची कथा रंगात आली, हात वर गेले, आणि गडी सगळ्यांदेखत धपकन तळ्यात. पाहुणे बिचारे घाबरले. हसलं फक्त एकच माणूस. फाटकापाशी बापाबरोबर लोकांच्या चपला सांभाळायला बसणारी मुलगी. ती इतकी हसली की तिच्या हातातले चपलांच्या नंबरांचे बिल्ले खाली सांडले. ओल्या कपड्यांनी बाहेर आलेल्या या वीराने तिला विचारलं, "हसायला काय झालं?" ती म्हणाली, "राणीचा रुसवा गेला का, ते सांगा आधी." वर्ष उलटायच्या आत लग्न झालं. तळ्यात पडल्यामुळे बायको मिळालेला दुसरा माणूस माझ्या तरी बघण्यात नाही.

तर काकूंचं काम चपलांचं. त्यांच्या बापानंतर ती जागा त्यांच्याकडे आली. माणसाच्या तोंडाकडे त्या फारसं बघत नसत, चपलेकडे बघत. टाच एका बाजूला झिजली असेल तर याचा गुडघा दुखतो, नवी चप्पल चावतेय म्हणजे हा लग्नानंतर पहिल्यांदाच बाहेर पडलाय, असं सगळं त्यांना कळायचं. कुणाचा अंगठा तुटला असेल तर ते देवळं बघून येईपर्यंत शिवून ठेवायच्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. माणूस घरी गेल्यावर कधीतरी त्याच्या लक्षात येत असेल, किंवा येतही नसेल.

काकांची गोष्ट सुरू व्हायची हत्तीपासून. पहिला राजा नवी राजधानी शोधत निघाला. सगळ्यात पुढे त्याचा लाडका हत्ती. या माळावर आल्यावर हत्ती जो बसला तो उठेचना. माहुताने अंकुश मारला, ऊस दाखवला, कानात विनवण्या केल्या. हत्ती ढिम्म. शेवटी राजा म्हणाला, याला कळतं ते आपल्याला कळत नाही, इथेच बांधा. "आता खरा इतिहास," काका बोट वर करायचे, "असा आहे की इथे दोन मोठ्या वाटा मिळत आणि पाण्याला तोटा नव्हता. पण पाणी काय, सगळीकडेच असतं हो. हत्ती सगळीकडे बसत नाही." मग राजाच्या नातवाने बांधलेली मोठी देवळं यायची, राणीचा रुसवा यायचा, शिखरावर दगड चढवायला बांधलेला मैलभर लांब मातीचा उतार यायचा. मग दुष्काळ.

दुष्काळाशी आले की काका आवाज खाली आणत. पाऊस नाही, आणि पुन्हा नाही. शहर सोडायची वेळ आली. लोकांनी घरांना कड्या घातल्या, गुरं पुढे घातली, आणि जाता जाता मोठ्या देवळात येऊन देवाला सांगितलं, आम्ही येईपर्यंत घरांकडे लक्ष ठेव. ते काही परत आले नाहीत. जंगल आलं. घरं लाकडाची होती, ती मातीत गेली. दगडाची देवळं तेवढी राहिली. "गाभाऱ्यातल्या शंकराचे डोळे उघडे का, असं सगळे विचारतात," काका सांगायचे. "लक्ष ठेवायला सांगितलंय ना त्याला. तो कसा मिटेल?" किती पिढ्यांनंतर कुणा धनगराची एक खोडकर शेळी वेलींच्या जाळीत शिरली, ती शोधायला तो आत गेला, आणि त्याला एकदम उघडे डोळे दिसले. शेळी मिळाली की नाही, ते इतिहास सांगत नाही. लहान मुलं हमखास विचारायची. काका म्हणायचे, "मिळाली रे बाबा, मिळाली. तिचीच नातवंडं बाहेर गवत खातायत."

आणि सगळ्यात शेवटी ती बाई.

मोठ्या देवळाच्या मागच्या भिंतीवर लांबच लांब मिरवणूक कोरलेली आहे. वरच्या रांगेत देव, त्याखाली राजे, मग हत्तीघोडे, मग वाजंत्री आणि नाचणाऱ्या पोरी. अगदी खालच्या रांगेत साधी माणसं, पखालीवाले, ओझेकरी, लाकूडतोडे. तिथेच कोपऱ्यात, साधारण छातीच्या उंचीवर, एक बाई उभी आहे. कमरेवर टोपली, एक पाय जरा पुढे. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या मोजता येतील इतक्या स्वच्छ. आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. नाक नाही, डोळे नाहीत. गोल, गुळगुळीत दगड.

दंतकथा त्या शहरात पूर्वापार चालत आलेली. ज्या पाथरवटाने ही मिरवणूक कोरली, त्याचं लाडकं माणूस काम चालू असतानाच गेलं. कुणी म्हणतं बायको, कुणी म्हणतं लेक. तो तिला कोरायला बसला. टोपली झाली, हात झाले, पाय झाले. चेहऱ्याशी आल्यावर छिन्नी उचलेना. तो म्हणाला, हे असंच राहू दे. ज्याचं माणूस गेलंय, त्याने यावं, त्याला त्याचं माणूस इथे दिसेल. काका हे सांगून गप्प उभे राहायचे आणि समोरच्या चेहऱ्यांकडे बघायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, बाप्ये उगाच शिखराकडे बघायचे. बाहेर चपला घ्यायला आलेल्यांचे लाल डोळे बघून काकू म्हणायच्या, "झाली वाटतं गोष्ट आमच्या ह्यांची." या बाबतीत मात्र त्या चेहऱ्याकडे बघायच्या.

त्यांनाही एक मुलगी होती. बबडी म्हणायचे तिला. नुकती शाळेत जायला लागलेली, चपलांच्या फळ्यांखाली घर घर खेळणारी. तापाचं निमित्त झालं आणि गेली. असल्या गोष्टी लांबण लावून सांगायच्या नसतात. पुढे मूल झालं नाही. फोटो काढायला स्टुडिओत जाऊ, जाऊ म्हणत राहून गेलं होतं. तेव्हा कुठे घरोघरी फोटो निघत होते?

ती गेल्यावर कितीतरी दिवस काकू बोलेनात. मग एक दिवस, फाटक उघडायच्या आधी, त्या एकट्याच आत गेल्या आणि त्या बाईच्या गालावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चूल पेटवली. काकांचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून रोज सकाळी, पहारेकऱ्याने झाडून घेतलं की काकू आत जायच्या, दगडाच्या गालावर तळवा टेकायच्या आणि बाहेर येऊन बिल्ले मांडायच्या. काकांनी कधी विचारलं नाही, काकूंनी कधी सांगितलं नाही. बबडीचा विषय त्या घरात निघायचा नाही. काका मनात म्हणायचे, तिला तिथे पोरगी दिसते, दिसू दे. आपण मध्ये तोंड घालायला नको. इतकं बोलणारा माणूस, पण या एका जागी त्यांच्या तोंडाला कुलूप होतं, आणि त्याला ते शहाणपण समजत होते.

आता खात्याच्या मॅडम. दगडांची निगा राखणाऱ्या खात्याकडून त्या नव्यानेच आल्या होत्या. वयाने लहान, डोक्यावर मोठी टोपी, गुडघ्यांना कायम धूळ. तुम्हाला वाटेल, आली आता साहेबीण रुबाब दाखवायला. तसं काही नव्हतं. बाई मनाने लोण्यासारखी होती. आल्या आल्या काकांच्या घोळक्यात गुपचूप शिरून तिने सगळी फेरी ऐकली होती आणि त्या खालच्या रांगेशी चांगली हुंदके देऊन रडली होती.

एका दुपारी तिने काकांना बोलावून घेतलं. भिंतीच्या त्या कोपऱ्यावर काळं कापड टाकून अंधार केला होता. "काका, आत या जरा," ती म्हणाली. कापडाखाली दोघं वाकून उभी राहिली. मॅडमनी टॉर्च लावला, पण समोरून नाही, अगदी कडेने, भिंतीला घासून. आणि त्या गुळगुळीत दगडावर बारीक सावल्या उमटल्या. एक भुवई. पापणीची कड. ओठाच्या कोपऱ्याची जराशी वर गेलेली रेघ. कानापाशी कुंडलाचा अर्धा गोल.

इतकी वर्षं ते या बाईपाशी येत होते, पण यायचे पाठीने. समोर माणसांचे चेहरे असायचे. खुद्द तिच्याकडे ते असे डोळे लावून कधी बघत बसले नव्हते.

"तिला चेहरा होता, काका," मॅडम हळू म्हणाल्या. "चांगला हसरा होता."

"मग फोडला कुणी?"

"फोडलेला दगड खरबरीत असतो. यावर बोट फिरवून बघा. हातांनी गेलाय. शेकडो वर्षं माणसं येतायत आणि हिच्या गालाला हात लावतायत. वरच्या रांगा हाताला लागत नाहीत, म्हणून शाबूत आहेत. दगडही मऊ आहे इथला. आणि शहर ओस पडलं होतं म्हणतो ना आपण, तेव्हाही बहुतेक रानातून कुणी ना कुणी येत असणार. चेहरा झिजल्यावर मग लोकांनी ती गोष्ट रचली असेल."

काकांच्या मनात पहिला विचार कुठला आला, खरं सांगू? गेली आपली गोष्ट. पोटापाण्याची, नावलौकिकाची, हुकमी गोष्ट. माणूसच तो. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "जे उरलंय ते तरी राखायला हवं. सोमवारी सुट्टी असते, तेव्हा पुढे कठडा लावून घेते. हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर." आणि मग काकांना दुसराच एक हात आठवला.

"मॅडम," ते म्हणाले, "एक बाई रोज सकाळी येते. एकच. म्हातारी आहे. तिच्यापुरतं काही..."

मॅडमना कळलं. फाटकाशी चपला ठेवताना त्यांनाही कधीतरी दिसलं असेल. त्यांचे डोळे भरून आले, पण मान त्यांनी नकारार्थीच हलवली. "काका, येणारा प्रत्येक जण एकटाच असतो हो. मी कुणाला हो म्हणू आणि कुणाला नाही?"

रागवावं तर तीही खरंच बोलत होती.

संध्याकाळी घरी काकांनी मनाशी दहादा जुळवाजुळव केली. घर म्हणजे एकच लांबट खोली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला पलंग, मध्ये काकूंचा सुईदोऱ्याचा डबा आणि लोकांच्या तुटक्या पट्ट्यांची टोपली. काकू जमिनीवर बसून कुणाच्या तरी चपलेचा अंगठा शिवत होत्या.

"अगं," काका म्हणाले.

"हं."

"काही नाही. दोरा चांगला आणलास या खेपेला."

थोड्या वेळाने पुन्हा, "अगं."

"दोरा मागच्याच वेळचा आहे," काकू मान वर न करता म्हणाल्या. "पोट बिघडलंय का तुमचं? दुपारपासून बघतेय, चेहरा उतरलाय." काका म्हणाले, हो, जरा जड वाटतंय. झालं. त्या दिवशी साध्या गरम पाण्यावर झोपायची पाळी आली बिचाऱ्यांवर.

दुसऱ्या दिवशी कठड्यासाठी लांब लोखंडी नळ येऊन पडले. ते नेमके मागच्या भिंतीच्या वाटेवर रचून ठेवलेले. डोळ्यांना दिसले असते, पण टाचांना कुणी सांगितलं नव्हतं. काका मोठा घोळका घेऊन आले. शब्द अडखळत होते, कारण पुढे ती बाई येणार आणि तिच्याबद्दल आज काय बोलायचं ते ठरत नव्हतं. खोटं सांगवेना, आणि खरं इथे सांगितलं तर गाडीवाल्यांच्या मार्फत चहा व्हायच्या आत ते चपलांपाशी पोचणार. या विचारात टाच नळावर पडली, नळ घरंगळले आणि काका धाडकन खाली बसले. घोटा लिंबाएवढा सुजला. दोन गाडीवाल्यांनी त्यांना उचलून फाटकाशी आणलं. "काका, आरसा बसवा आता पाठीला," त्यातला एक म्हणाला. काकू या खेपेला हसल्या नाहीत.

"वाटेत नळ कसले ठेवलेत?" त्यांनी घोट्याला पट्टी बांधता बांधता विचारलं.

"पाण्याची सोय करतायत म्हणे."

"देवळाच्या मागच्या भिंतीला?"

काका घोट्याकडे बघून विव्हळले. खोटं विव्हळणं काकूंना ओळखू आलं नसेल असं समजायचं कारण नाही. त्यांनी पट्टीची गाठ मारली आणि बिल्ले पुसायला घेतले.

बघता बघता रविवार उजाडला. रविवारी गर्दी तुडुंब. लंगडत का होईना, काका कामावर आले, पण घोळके दुसऱ्यांना देऊन फाटकापाशी नुसते बसून राहिले. मनात एकच घोकत होते. आज नाही सांगितलं तर मंगळवारी सकाळी ही आत जाईल, हात पुढे करेल, आणि हाताला लोखंड लागेल. हजारो अनोळखी माणसांना राजे-महाराजे सांगणाऱ्या आपल्यासारख्या माणसाने स्वतःच्या बायकोला हे लोखंडाकडून कळू द्यायचं? त्यांना स्वतःची लाज वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला फक्त एकाच तऱ्हेने बोलता येतं.

शेवटचे पाहुणे चपला घालून गेले. ऊन अजून शिखरांवर होतं. काका उठून काकूंसमोर उभे राहिले.

"चल."

"कुठे?"

"शहर दाखवतो तुला."

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं ताप चढलेल्या माणसाकडे बघतात. "माझा जन्म गेला या फाटकाशी. मला शहर दाखवताय?"

"माझ्याबरोबर फेरी केलीस कधी? एकदा तरी?"

काकू विचारात पडल्या. खरंच नव्हती केली. इथेतिथे कान पडून गोष्टी माहीत होत्या, भिंतीपलीकडून आवाज यायचा. पण चपला सोडून जाणार कोण? त्यांनी स्वतःच्या चपला काढल्या, क्षणभर कुठे ठेवाव्यात ते कळेना, मग रिकाम्या फळीवर ठेवल्या आणि हसल्या.

काका त्यांच्याकडे तोंड करून उलटे निघाले. "अहो, सरळ चाला, पाय बघा तुमचा," काकू म्हणाल्या. "सरळ चालून मला गोष्ट येत नाही," काका म्हणाले. काकूंनी मग पुढे होऊन त्यांची बाही धरली, आणि अशी ती वरात निघाली. हत्ती झाला. काकू म्हणाल्या, "माझ्या बापासारखा होता म्हणजे. बसला की बसला." राणीचा रुसवा झाला. तळ्याच्या काठाने जाताना त्यांनी बाही जरा घट्ट धरली. दुष्काळ आला, कड्या घातलेली घरं आली. गाभाऱ्यापाशी काकू बराच वेळ उघड्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याला तरी कुणी सांगावं, ते लोक गेले म्हणून." इतक्या वर्षांत कुठल्याही पाहुण्याने हे म्हटलं नव्हतं.

मग मागची भिंत. नळ एका बाजूला नीट लावून ठेवलेले होते. काका थांबले. समोर बायकोचा चेहरा. इतक्या जवळून, उजेडात, तो त्यांनी तरी कधी बघितला होता? त्यांनी घसा खाकरला आणि गाईडच्या आवाजात सुरुवात केली.

"ही खालची रांग. यात साधी माणसं आहेत. ही कोपऱ्यातली बाई. हिच्याबद्दल अशी दंतकथा आहे की..." ते थांबले. पुन्हा बोलले तेव्हा घरातल्या आवाजात बोलले. "दंतकथा राहू दे. हिला चेहरा होता. मी पाहिला, मॅडमनी टॉर्च लावून दाखवला. हसरा होता. पाथरवटाने अर्धा सोडला नव्हता. लोकांनी हात लावून लावून तो झिजला. ज्यांचं कुणी गेलं होतं, ते आले, गालाला हात लावून गेले, आणि तो असा पुसत गेला. आता थोडीशी भुवई उरलीय. ती राखायला म्हणून उद्या इथे कठडा लागणार आहे. मंगळवारपासून तुला हात लावता येणार नाही."

काकू हलल्या नाहीत. कितीतरी वेळ त्या दगडाकडे बघत होत्या. काकांना वाटलं, आता ही पुन्हा मुकी होणार.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "माझ्यासारख्या इतक्या जणी होऊन गेल्या."

"इतक्या जणी, की दगड झिजला."

काकूंनी हात पुढे केला. बोटं दगडाजवळ नेली आणि तिथेच थांबवली. मग हात मागे घेतला. "नको. जे उरलंय ते उरू दे तिचं." आणि मग त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा वाकडा झाला. "अहो, पण मी काय करू? मला बबडीचा चेहरा आठवत नाही."

काका एक पाऊल जवळ आले.

"खूप दिवस झाले. आधी यायची डोळ्यांसमोर. मग नुसती तिची वेणी यायची, मग फ्रॉक. चेहरा नाही. रोज सकाळी इथे येऊन हात लावते, म्हणते, आज तरी दिसेल. कधी जरासा भास होतो, कधी तोही नाही. आईला पोरीचा चेहरा आठवत नाही, हे कुणाला सांगायचं?"

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही तिचं नाव कधी काढलंत? मला वाटलं, तुम्ही विसरलात. किंवा विसरायचं ठरवलंत. म्हटलं, बिचाऱ्याला कशाला त्रास."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं एका खोलीत, आणि दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प. ते पायरीवर बसले, दुखरा पाय लांब केला आणि काकूंना शेजारी बसवलं. तोंड पुसलं. म्हणाले, "बस. सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. हळूहळू, न चुकता, जसा एखादा माणूस बंद पेटीतून एकेक कपडा काढून मांडतो तसं. कपाळ मोठं होतं, तुझ्यासारखं. त्यावर केसांची एक बट कितीही तेल लावलं तरी उभीच राहायची. भुवया विरळ, जवळजवळ नव्हत्याच म्हण ना. डोळे बारीक, झोपेतून उठली की एकच उघडायची, दुसरा मिटलेलाच ठेवायची. कान माझे, बाहेर आलेले, त्यावरून तू मला बोल लावायचीस. पुढचा दात हलत होता, तो जिभेने सारखा ढकलायची आणि पडला की उंबऱ्याशी पुरणार होती. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"आणि इथे," काकांनी स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं, "फळीचा कोपरा लागला होता त्याची खोक."

"डावी नाही," काकू म्हणाल्या.

"डावीच."

"उजवी. मी पुसलं होतं रक्त. या हाताने डोकं धरलं होतं आणि या हाताने पुसलं होतं, ते काय मला आठवत नाही?" त्यांनी दोन्ही हात हवेत तसे धरले, आणि धरलेलेच ठेवले. डोळे उघडले. हातांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे त्या बघत राहिल्या. "ही उजवी. रडत नव्हती अजिबात. माझ्याकडेच बघत होती, मी रडतेय का म्हणून." श्वास घेतला. "आणि गालावर खळी होती. ती सांगायची राहिली तुमची. एकाच गालावर. ह्या."